श्रोतृक्षेत्रात हालचाल आढळली नाही

ज्या खोलीत माणूस नाही त्या खोलीत दिवा जळू नये, असा ठराव विद्यापीठाच्या अक्षय ऊर्जा व ऊर्जासंवर्धन संशोधन केंद्राच्या नियामक मंडळाने एकमताने मंजूर केला आणि मंडळ जेवायला गेले. मागे सभाकक्षातले दिवे, पंखे आणि पडद्यावर तोच ठराव दाखवणारे यंत्र दुपारभर चालू राहिले. ठराव अजून इतिवृत्तात यायचा होता. इतिवृत्त कायम होण्याआधीच दिवे बंद करणे नियमाला धरून झाले नसते.

केंद्र पुण्यात आहे आणि त्याची इमारत प्रशस्त आहे. गच्चीवर सौरपट्ट्या आहेत. त्या पाहुण्यांना दाखवायच्या असल्यामुळे धूळ बसू नये म्हणून एरवी ताडपत्रीखाली असतात. संचालक डॉ. दीनानाथ उपासनी हे अत्यंत साधे गृहस्थ. त्यांच्या खोलीतले वातानुकूलन इतके कार्यक्षम आहे की ते बाराही महिने शाल पांघरून बसतात.

ठराव कुठेतरी राबवायला हवा होता. केंद्राच्या स्वतःच्या इमारतीत तो राबवता येईना, कारण तिथे संशोधन चालते आणि प्रयोग करणाऱ्याने स्वतः प्रयोगात बसू नये हा विज्ञानाचा दंडक आहे. इतर विभागांना विचारले तर त्यांनी कळवले की आमच्याकडे संध्याकाळी माणूस नसतो. सबब माणूस आहे की नाही हे ओळखणारे यंत्र आमच्याकडे वाया जाईल. शोध घेता घेता सबंध विद्यापीठात संध्याकाळी हमखास माणसे सापडण्याची एकच जागा निघाली. ती म्हणजे कसबा पेठेतले गोदाबाई स्मृती सभागृह.

गोदाबाईंना कीर्तनाचे वेड होते. त्यांच्या माघारी मुलांनी ही जागा विद्यापीठाला दिली ती एका अटीवर. चातुर्मासात रोज संध्याकाळी इथे कीर्तन व्हावे, जोवर श्रोते आहेत तोवर. विद्यापीठाने अट आनंदाने मान्य केली. श्रोते काही फार वर्षे टिकणार नाहीत, असा तेव्हाच्या अधिकाऱ्यांचा अंदाज होता. त्यातले बरेच अधिकारी आता नाहीत. श्रोते आहेत.

कीर्तनाला उभे राहायचे महिपतीबुवा. सत्तरी कधीच मागे पडली होती, पण उपरणे सावरून बुवांनी पहिला नमनाचा सूर लावला की दाराशी चप्पल काढणारा माणूस एका पायावर थांबायचा. तबल्याला मुनव्वरभाई. त्यांचे मंडईमागे तबले-पखवाज मढवायचे दुकान, आणि त्यांचे वडील याच सभागृहात बुवांच्या गुरूंना साथ करीत. बुवांची बाकीची ठिकाणे एकेक करून गेली होती. एका देवळाच्या मंडपात वाहनतळ झाला, दुसरीकडे बटण दाबले की भजन वाजेल अशी सोय झाली. गोदाबाईंचे सभागृह तेवढे उरले होते. हेही गेले तर मी घरी भिंतीला कीर्तन सांगायचे का, असे बुवा एकदा बोलून गेले होते. त्यावर मुनव्वरभाई म्हणाले, "भिंतही चालेल बुवा. पण ती हुंकार देत नाही."

तर या सभागृहात केंद्रातर्फे ऋचा नावाची संशोधक विद्यार्थिनी आली. मुलगी हुशार, कामाची, बोलायला गोड. तिच्या प्रबंधाचा विषयच मुळी हा होता. तिने छताला पांढऱ्या वाट्यांसारखे सेन्सर बसवले. सभागृहाचे दोन भाग पाडले. बुवा उभे राहतात आणि साथीदार बसतात ते वक्तृक्षेत्र, आणि समोरची बैठक हे श्रोतृक्षेत्र. ज्या क्षेत्रात माणूस असेल तिथे दिवे लागतील, माणूस गेला की जातील. शिवाय कोण किती वेळ होते याची नोंद आपोआप केंद्रात पोचेल.

पहिल्या ओळीत खांबाला टेकून बसणाऱ्या मंदाकिनीबाई मुलींच्या शाळेतून गणित शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी मान वर करून विचारले, "माणूस आहे हे या वाटीला कळतं कसं?"

"काकू, ती मूव्हमेंट डिटेक्ट करते. हललं की कळतं."

"आणि माणूस आहे, पण हलत नाही, असं झालं तर?"

"होतच नाही काकू. एवढा वेळ न हलता माणूस बसूच शकत नाही. आम्ही आमच्या सगळ्या लेक्चर हॉल्समध्ये टेस्ट केलंय."

मंदाकिनीबाईंनी शाळेत फळ्यापुढे उभे राहून वर्गाकडे पाठ केलेली होती. त्यांना हे पटले.

पहिल्याच संध्याकाळी बुवांनी तेलिणीचे आख्यान लावले होते. गावभर घरोघर तेल घालणारी तेलीण. मापाच्या कडेला चिकटून राहिलेला थेंब तेवढा स्वतःच्या देवापुढच्या पणतीला. लोकांच्या घरी दिवे लागले की मग हिच्या घरी लागणार. एक दिवस आभाळ भरून आले, बायकांनी मापे खरवडून नेली, कडेला थेंबही राहिला नाही. घरी आली. वात कोरडी. देवाला म्हणाली काय? बुवांनी झांज खाली ठेवली. मुनव्वरभाईंचा हात तबल्यावर नुसता टेकलेला. बुवा अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "आज तूच बस रे माझ्यापाशी अंधारात."

आणि श्रोतृक्षेत्रातले सगळे दिवे गेले.

कोणी हू की चू केले नाही. एका बाजूने कोणीतरी नाक ओढले तेवढेच. बुवांना वाटले, मुनव्वरभाईंनी बटण दाबायला कोणाला तरी सांगून ठेवले असावे. मुनव्वरभाईंना वाटले, हे काम वरचे आहे. श्रोत्यांना वाटले, बुवांनी या वयात नवी योजना केली. पुढे भजनाला टाळ्यांसाठी हात वर झाले तेव्हा दिवे परत आले, आणि लोकांनी डोळे पुसायच्या आत एकमेकांना पाहून घेतले.

दुसऱ्या दिवशीही तसेच झाले, तिसऱ्याही. आख्यान रंगात आले की अंधार. ज्या दिवशी बुवांचा घसा बसलेला असे त्या दिवशी दिवे जरा उशिरा जात. डास फार झाले त्या आठवड्यात तर ते गेलेच नाहीत आणि बुवा उदास झाले. हळूहळू बुवांचा एक चोरटा डोळा छताकडे लागला. पूर्वी कीर्तन साधले की नाही हे समोरच्यांच्या चेहऱ्यांवरून ओळखावे लागे, आणि पुण्यातल्या चेहऱ्यांवरून काही ओळखणे हे काम सोपे नव्हे. आता दिवे गेले की बुवांना समजायचे.

मग एक दिवस अंधारात पाण्याला उठताना, दिवे परत यायच्या आतच, एका आजोबांची करंगळी बाकाला लागली. त्यांनी केंद्राला कळवले. केंद्राने तक्रारीची तातडीने दखल घेऊन महिन्याभरात दारावर सूचना लावली:

"सभागृहात प्रकाश हवा असल्यास श्रोत्यांनी ठरावीक अंतराने शारीरिक हालचाल करावी. कीर्तनात तल्लीन होऊ नये. तल्लीनतेमुळे उद्भवणाऱ्या गैरसोयीस केंद्र जबाबदार राहणार नाही. आदेशावरून."

मंदाकिनीबाईंनी चष्मा लावून सूचना दोनदा वाचली. "शुद्धलेखन बरोबर आहे," असे म्हणून त्या आत जाऊन बसल्या.

गणपती उठले, नवरात्र जवळ आले आणि केंद्राचा पहिला अहवाल प्रसिद्ध झाला. सबंध विद्यापीठात विजेची सर्वाधिक बचत गोदाबाई सभागृहात झाली होती. त्याबद्दल केंद्राला राज्यस्तरीय ढाल मिळाली. ढालीवर सूर्य कोरलेला होता आणि तो उजळावा म्हणून आत एक छोटा बल्ब होता. अहवालाच्या उत्तरार्धात सभागृहाच्या वापराचे विश्लेषण होते. ते असे: श्रोतृवर्ग प्रारंभीच्या भजनास उपस्थित असतो. तदनंतर तो सभागृह सोडून जातो. मुख्य आख्यानाच्या काळात श्रोतृक्षेत्रात हालचाल आढळली नाही. आरती व प्रसादाच्या वेळी श्रोतृवर्ग पुनश्च प्रवेश करतो.

तुलनेसाठी त्याच सभागृहात सकाळी झालेल्या 'सकारात्मक ऊर्जेतून यशाकडे' या व्याख्यानाची नोंद दिली होती. तिथे श्रोतृक्षेत्र अखंड गजबजलेले होते. रविवारी सकाळी सभागृह बंद असते. पण झरोक्याची काच फुटल्यामुळे आत कबुतरे येत. रविवार सकाळची उपस्थिती समाधानकारक असल्याचे अहवालाने नमूद केले होते.

निष्कर्ष उघड होता. गोदाबाईंची अट होती श्रोते आहेत तोवर. आणि श्रोते नव्हते. सबब पुढच्या चातुर्मासापासून कीर्तन बंद करून तिथे ऊर्जा प्रदर्शन दालन करावे. दालनात पवनचक्कीचे प्रारूप ठेवायचे होते. कसब्याच्या बोळात वारा येत नसल्यामुळे ते फिरवायला चार टेबलपंख्यांची मागणी जोडली होती.

हे कळल्यावर बुवा दोन दिवस कीर्तनाखेरीज घराबाहेर पडले नाहीत. तिसऱ्या दिवशी मुनव्वरभाई आणि मंदाकिनीबाई त्यांना रिक्षात घालून केंद्रात घेऊन गेले. बुवांनी नवे उपरणे घेतले होते. संचालकांनी उठून नमस्कार केला, खोलीच्या गारठ्यात बुवांना स्वतःची शाल देऊ केली. माणूस मनाने फार चांगला.

"बुवा, माझी आई तुमच्या गुरूंच्या कीर्तनाला जायची. मला कडेवर घेऊन जायची," ते म्हणाले. "आपल्याबद्दल मला आदरच आहे. पण अट स्पष्ट आहे. श्रोते आहेत तोवर."

"श्रोते आहेत की," बुवा म्हणाले.

"नोंदीत नाहीत."

"अहो, मी रोज असते तिथे," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "आत्ता तुमच्यासमोर बसलेय ती मीच."

"बाई, आपण दिसता, यात वाद नाही. पण डोळ्यांनी दिसणं हे शेवटी वैयक्तिक मत झालं. केंद्राला मोजमाप लागतं."

"मोजमाप असं म्हणतं की मी आख्यानात उठून जाते आणि प्रसादाला परत येते."

"मोजमाप कोणाचं नाव घेत नाही."

"तिथला प्रसाद म्हणजे चार साखरफुटाणे असतात, डॉक्टर. त्यासाठी कसब्यातल्या रस्त्यातून दोनदा येणारा माणूस मला दाखवा. मी स्वतः त्याच्या पाया पडते."

संचालकांनी यावर विचार केला. न्यायाला धरून वागणारे असल्यामुळे ते म्हणाले की मी स्वतः येऊन खात्री करतो. तशी दौऱ्याची रीतसर नोंद केली आणि ठरल्या संध्याकाळी येऊन तिसऱ्या ओळीत मांडी घालून बसले.

बुवांनी त्या दिवशीही तेलीणच लावली. संचालक सुरुवातीला घड्याळ पाहत होते, मग बुवांकडे पाहू लागले, मग कुठेच पाहीनासे झाले. आईच्या पदराला येणारा बुक्क्याचा वास त्यांना आला असावा. तेलीण देवाशी बोलायला लागली तेव्हा त्यांची शाल खांद्यावरून घसरली आणि ती सावरायला हात उठला नाही. दिवे गेले. आरतीला ते उठले तेव्हा त्यांचा आवाज चिरकत होता. जाताना त्यांनी बुवांचे पाय धरले. बाहेर मंदाकिनीबाई मुनव्वरभाईंना म्हणाल्या की सुटलो.

दुसऱ्या दिवशी संचालकांनी नोंदी पाहिल्या. आख्यानाच्या काळात श्रोतृक्षेत्रात कोणीही नव्हते. म्हणजे तेही नव्हते.

दुसऱ्या कोणाला यावरून यंत्रात खोट आहे असे वाटले असते. पण डॉ. दीनानाथ हे शास्त्रज्ञ होते. त्यांनी दौऱ्यावर असूनही अनुपस्थित राहिल्याबद्दल स्वतःकडे खुलासा मागितला आणि मुदतीत दिला: आपण गेलो होतो असे आपणास वाटते, तथापि तशी नोंद नाही. खुलासा असमाधानकारक असल्याचा शेराही त्यांनीच मारला.

ऋचा धीर करून आत गेली. म्हणाली, "सर, सेन्सरचंच चुकतंय. लोक असतात तिथे, फक्त हलत नाहीत. मी सेटिंग बदलू का?"

संचालकांनी चष्मा काढला. "बदला ना. पण मग आत्तापर्यंतची बचत खोटी ठरेल. ढाल परत द्यावी लागेल. तुमच्या प्रबंधाचं चौथं प्रकरण काय सांगतं?"

चौथे प्रकरण हेच सांगत होते की माणूस एवढा वेळ न हलता बसूच शकत नाही. मग संचालकांनीच वाट काढली. कार्तिकी एकादशीच्या आदल्या संध्याकाळी त्रिसदस्यीय समिती पाहणी करील. त्या दिवशी आख्यान संपेपर्यंत श्रोतृक्षेत्रात उपस्थिती नोंदली गेली तर कीर्तन राहील. नाही तर पवनचक्की.

म्हणजे करायचे एवढेच होते की श्रोत्यांनी हलायचे. ऐकायला सोपे वाटते.

पहिल्यांदा सगळ्यांना हातपंखे वाटले. पूर्वरंगात, म्हणजे बुवा नामाचे महत्त्व समजावत असतात तेवढा वेळ, पंखे झकास हलले. आख्यान लागले तसे एकेक पंखा मांडीवर उतरला. मग जबाबदारी एकाच्या अंगावर टाकावी असे ठरले. मंदाकिनीबाईंनी ती घेतली. आयुष्यभर पर्यवेक्षण केलेली बाई. त्यांनी रुमाल हलवत राहायचे. तेलीण घरी पोचेपर्यंत रुमाल हलत होता. पुढे तो हवेत थांबला. अंधार झाला, भजन लागले, दिवे आले, तरी बाईंचा हात तसाच वर होता आणि गालावरून पाणी वाहत होते. "मला या कामातून मोकळं करा," त्या म्हणाल्या. "माझ्याच्याने शिस्त राहत नाही."

शेवटी पेठेतल्या शहाण्यांनी मूळ दुखण्यावर बोट ठेवले. कीर्तन वाचवायचे तर ते जरा वाईट व्हायला हवे. बुवांना हे सांगायचे कोणी? मुनव्वरभाईंनी सांगितले.

बुवा बराच वेळ चिपळ्या पुसत राहिले. "मुनव्वर, माणसाचं चित्त हलू नये म्हणून सगळा जन्म उभा राहिलो. आता ते हलावं म्हणून उभा राहू? देवापुढे मुद्दाम वाईट गाऊ?"

"तुम्ही नका गाऊ. मी वाजवतो वाईट. माझा आणि वरच्याचा हिशेब मी बघून घेईन."

आणि खरेच, दुसऱ्या दिवशी आख्यानाच्या ऐन भरात मुनव्वरभाईंनी सम चुकवली. सभागृहाच्या जन्मात असे झाले नव्हते. मुनव्वरभाईंची तब्येत तर बरी आहे ना, या काळजीने सगळे श्वास रोखून त्यांच्याकडे पाहत राहिले, आणि दिवे रोजच्यापेक्षा लवकर गेले.

एकादशी जवळ आली. बुवा जेवणाला नुसते बसून उठायला लागले. अशा वेळी ऋचा मंदाकिनीबाईंच्या घरी आली. चहा झाल्यावर म्हणाली, "काकू, आमच्या लेक्चर हॉलमध्ये लाइट का जात नाही, माहितीये? सगळ्यांच्या हातात फोन असतो. अंगठा थांबतच नाही." केंद्राकडे मोबाइल चार्ज करायचे सौर स्टँड पडून होते, जनजागृतीसाठी घेतलेले, जनता न मिळाल्यामुळे बांधलेल्या खोक्यात. ते सभागृहात मांडायचे. सोबत फुकट वाय-फाय द्यायचे. संचालकांना ही कल्पना एकदम पसंत पडली. त्यांनी आपली भर घातली. उपस्थिती आणखी काटेकोर मोजता यावी म्हणून प्रत्येक बैठकीवर स्वतंत्र दिवा आणि स्वतंत्र वाटी. स्टँड सौर होते, पण सभागृहात ऊन येत नसल्यामुळे ते भिंतीतल्या प्लगला जोडले.

पाहणीच्या संध्याकाळी सभागृह ओसंडून गेले. आजूबाजूच्या खोल्यांतून राहणारी कॉलेजची मुले आली, त्यांचे मित्र आले, घरचे वाय-फाय बंद पडलेले संसारी गृहस्थ आले. ज्यांनी बुवांना कधी ऐकले नव्हते त्यांनीही जागा धरल्या, प्लगजवळच्या आधी. नेहमीच्या श्रोत्यांनाही नातवंडांनी फोन घेऊन दिलेले होतेच. कीर्तन वाचवायचे म्हणून त्यांनी ते कर्तव्यबुद्धीने बाहेर काढले. थोड्याच वेळात कर्तव्याची आठवण करून द्यायची गरज उरली नाही.

बुवा उभे राहिले. पाहणीचा दिवस म्हणून त्यांनी राखून काही ठेवले नाही. तेलीण दारोदार हिंडली, मापे खरवडली गेली, वात कोरडी राहिली. बुवांनी झांज खाली ठेवली. मुनव्वरभाईंचा हात तबल्यावर टेकला. "आज तूच बस रे माझ्यापाशी अंधारात."

एकही दिवा गेला नाही. सभागृह लग्नघरासारखे लखलखत होते. एकाने ते वाक्य टिपून चित्रफीत पुढे पाठवली. ती त्याच्या शेजारच्याला पोचली, आणि शेजारच्याने बुवांकडे न बघता जोडलेल्या हातांचे चित्र परत पाठवले. समितीचे तिन्ही सदस्य आपापल्या फोनमध्ये होते, त्यामुळे त्यांचीही उपस्थिती निर्विवाद नोंदली गेली. समितीने तिथल्या तिथे निर्णय दिला की श्रोते आहेत. कीर्तन कायम राहावे.

मुनव्वरभाईंनी पेढे आणले. बुवांनी अर्धा खाल्ला.

पुढच्या चातुर्मासापासून गर्दी वाढतच गेली. आता जागा धरायला रुमाल टाकावा लागतो. विजेचा वापर वाट्या बसवण्याच्या आधी होता त्याच्या पुष्कळ वर गेला आहे. पण माणसे वाढल्यामुळे दरडोई वापर घटल्याचे केंद्राने सिद्ध केले आणि दुसरी ढाल मिळवली. केंद्र इतर सभागृहांना आता सल्ला देते. बुवांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला, त्यात त्यांना 'अक्षय ऊर्जास्रोत' असे म्हटले गेले.

बुवा मात्र रोज आख्यानात आले की छताकडे बघत. दिवे सगळे जागच्या जागी. बुवा पुढे सांगत.

मग श्रावणातल्या एका संध्याकाळी तेलीण कोरड्या वातीपुढे बसली आणि खांबाजवळचा एक दिवा गेला. एकच. चहूकडच्या लखलखाटात तेवढा एक बैठकीएवढा अंधाराचा तुकडा, आणि त्यात मांडीवर हात ठेवून मंदाकिनीबाई. बुवा बोलता बोलता क्षणभर थांबले. मग वळले, त्या अंधाराकडे तोंड केले आणि उरलेले सगळे आख्यान तिकडे बघून सांगितले. मुनव्वरभाईंनीही पाहिले. त्यांनी हात हलका केला.

दुसऱ्या दिवशी केंद्राचा माणूस आला. खांबाजवळची बैठक रिकामी राहत असल्याची नोंद होती. त्याने तिथे आणखी एक चार्जिंग स्टँड बसवला. संध्याकाळी मंदाकिनीबाई आल्या, स्टँडकडे पाहिले, आणि पलीकडच्या बैठकीवर जाऊन बसल्या. त्यांच्या शेजारी ऋचा होती. ही दुसरी जागा तरी वापरात आहे का, हे पाहायला तिला पाठवले होते. आख्यान लागले. यथाकाल बाईंचा दिवा गेला. थोड्या वेळाने शेजारचाही गेला. त्या दिवसाची नोंद ऋचाने घेतलेली नाही, आणि तिच्या प्रबंधाचे चौथे प्रकरण अजून लिहून व्हायचे आहे. दोन्ही दिवे नादुरुस्त असल्याचा समज करून घेऊन केंद्राने ते बदलायला घेतले आहेत.

वाचकांनी आपल्यापुरते तपासून पाहायला हरकत नाही. हे वाचता वाचता मध्ये फोन वाजला असेल, तो उचलून पाहिला असेल, दुसरे काहीतरी उघडून मग इकडे परत आला असाल, आणि इतक्या वेळात डोक्यावरचा दिवा एकदाही गेला नसेल, तर काळजीचे काही कारण नाही. केंद्राच्या लेखी आपण शेवटपर्यंत उपस्थित होता.